दुधाच्या दातांचा लिलाव

दीड-दोन वर्षांचं शिंगरू गोल रिंगणात फिरवायचं, त्याच्यावर लाखांची बोली लावायची, आणि बोली लावणाऱ्याला ‘जाणकार’ म्हणायचं, अशी एक पद्धत पडली आहे. माझा आक्षेप या ‘जाणकार’ शब्दालाच आहे. जे समोर आहे ते ओळखतो तो जाणकार. जे अजून झालंच नाही त्याच्यावर पैसे लावण्याला आपल्याकडे वेगळा शब्द आहे, आणि तो आमच्या घरात उंबऱ्याच्या आत येत नाही.

ग्वाल्हेरला पडावात राहणाऱ्या, भाजी-भाकरीत रमणाऱ्या बाईला शर्यतीच्या घोड्यांचं काय पडलंय, असं तुम्ही म्हणाल. मला काही पडलं नव्हतं. पण हा विषय आपल्या पायांनी घरात आला. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्यानं आणि त्याच्या मित्रांनी दहा जणांत मिळून एक शिंगरू घ्यायचं ठरवलं आहे. आमचं पडावातलं जुनं दुकान विकलं, त्याचे पैसे बँकेत पडून आहेत, हे त्याला ठाऊक. तो म्हणतो, “मावशी, काकांना सांग ना, एक हिस्सा आपला ठेवू. दारू नाही, चामडं नाही, कत्तल नाही. नुसतं पळणारं जनावर आहे. यात तुझा धर्म कुठं आडवा येतो?” वर व्हॉट्सॲपवर कॅटलॉगची पानं आणि शिंगराच्या चालीचा व्हिडिओ. आमच्या ह्यांनी तो चष्मा लावून तीनदा पाहिला. मुलगा म्हणाला, “बाबा, घेऊन टाकू.” सुनेचंही तेच मत. घरात चार माणसं, त्यांतली तीन राजी. पैसे दुकानाचे आहेत, म्हणजे सासऱ्यांच्या चाळीस वर्षांच्या बैठकीचे आहेत. म्हणून मी या विषयात जेवढं मिळालं तेवढं वाचलं, आणि आता माझं मत सगळ्यांसमोर मांडते आहे.

आधी समोरच्या बाजूला तिचं श्रेय देऊ. लिलावात शिंगरू बघणं हे येरागबाळ्याचं काम नाही. कॅटलॉगच्या एका पानावर बाप, आई, आजी, पणजी आणि त्यांच्या पोटची भावंडं छापलेली असतात. मोठ्या शर्यती जिंकलेल्यांची नावं ठळक अक्षरांत. या जातीच्या घोड्यांची वंशावळ आपल्या भाटांनाही लाजवील इतकी चोख. जगातला प्रत्येक थरोब्रेड घोडा बापाच्या बाजूनं तीन घोड्यांपाशी जाऊन पोचतो. सतराव्या शतकाच्या शेवटापासून अठराव्याच्या पूर्वार्धापर्यंत इंग्लंडात आणलेले हे तीन पूर्वेकडचे घोडे. पान वाचून झालं की जनावर बघायचं. पुठ्ठ्यावर लॉटचा नंबर चिकटवलेला. मोतद्दार त्याला चालवून दाखवतो, थांबवतो, वळवतो. समोरून पाहिलं तर पाय सरळ पडतात का, गुडघा मागं दबलेला आहे का, नळीचं हाड किती भरलेलं, चालताना मागचं पाऊल पुढच्या पावलाच्या खुणेपलीकडं पडतं का, छाती किती खोल, डोळा शांत की बुजरा. मग डॉक्टर येतो. सांध्यांचे एक्स-रे, घशात दुर्बीण घालून श्वासनळीची तपासणी. आता जनुकं तपासून हा कमी अंतराचा की लांब पल्ल्याचा, तेही सांगतात. विद्या आहे खरी, नाही म्हणत नाही.

पण हे सगळं वाचताना मला सारखी आपलीच एक जुनी रीत आठवत होती. पन्नाशी ओलांडलेल्या माझ्यासारख्या बायकांना वेगळं सांगायला नको. पोह्यांची बशी, समोर पाच अनोळखी माणसं, आणि त्यांतली एक वयस्क बाई म्हणते, “बाळ, जरा चालून दाखव. उंबऱ्यापर्यंत जा नि ये.” घराणं विचारायचं, आजोळ विचारायचं, रंग उजेडात बघायचा, दात दिसावेत म्हणून हसवायचं. तीही पारखच म्हणवून घेत होती. त्या पारखीतून मुलगी कशी निघेल हे कुणाला कधी कळलं? कळत एवढंच होतं की बघणाऱ्याच्या हातात निवड आहे आणि चालणारीच्या हातात काही नाही. मुलीला निदान पुढं तोंड फुटलं. घोड्याला ते फुटायचं नाही.

आता या विद्येचा निकाल बघू. अमेरिकेत २००६ साली ‘द ग्रीन मंकी’ नावाचं दोन वर्षांचं शिंगरू लिलावात १ कोटी ६० लाख डॉलरला गेलं. लिलावाआधी ते एक फर्लांग, म्हणजे साधारण दोनशे मीटर, ९.८ सेकंदांत पळालं होतं. जगातले सगळ्यात अनुभवी डोळे तिथं हजर होते. ते घोडं पुढं तीनच शर्यती पळालं, एकही जिंकलं नाही, आणि त्याची सगळी कमाई १०,४४० डॉलर. त्याआधी १९८३ साली ‘स्नाफी डान्सर’वर १ कोटी २ लाख डॉलरची बोली लागली. तो एकाही शर्यतीत उतरला नाही, पैदाशीलाही फारसा कामाचा ठरला नाही. उलट १९७५ साली अवघ्या १७,५०० डॉलरला सुटलेल्या ‘सिअॅटल स्लू’नं १९७७ साली अमेरिकेतली सगळ्यात मानाची तिन्ही विजेतेपदं मिळवली. त्या लिलावात त्याच्यावरून नजर फिरवून पुढं गेलेले लोकही जाणकारच होते.

भाचा म्हणतो, “मावशी, हे अपवाद आहेत.” अपवाद असतीलही. पण सराफाकडं कधी असं होतं का, की कसाला लावलेलं सोनं दोन वर्षांनी पितळ निघालं आणि सराफ म्हणाला, चालायचंच? पारख या शब्दाला आपल्या बाजारात वजन आहे. ज्याची पारख चुकते तो भरून देतो. या लिलावात पारख चुकली तर भरून कोण देतं, तेवढं मला सांगा.

ते देतं शिंगरू. कसं ते सांगते, कारण घोडं पेंड खातं ते इथंच.

घोड्याचे पुढचे पक्के दात अडीच वर्षांच्या सुमाराला येऊ लागतात. साडेतीनला चार, आणि तोंड पूर्ण भरायला साडेचार-पाच वर्षं. आपल्याकडच्या बाजारांत म्हणूनच ‘दोन दाती’, ‘चार दाती’ असं वय सांगतात. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तिथं आजही दात आधी बघतात, मग भोवरे, मग चाल. त्या बाजाराचं मी कौतुक करत नाही. एखादा भोवरा अशुभ जागी आहे म्हणून चांगल्या जनावराची किंमत पाडणारे तिथंही भेटतात. पण दात बघायचा रिवाज शहाण्यांनी घातला होता. मोठ्या लिलावांत विकायला उभं असलेलं दीड वर्षाचं शिंगरू दुधाच्या दातांचं असतं. आपण ज्या वयाच्या पोराच्या हातात पाण्याची घागर देत नाही, त्या वयाच्या जनावरावर खोगीर चढवायचा करार तिथं होतो.

दातांचं झालं, आता हाडं. वाढत्या हाडाच्या टोकाला कूर्चेची पट्टी असते, ती भरून आली की हाड पक्कं. घोड्याची खालच्या पायाची हाडं लवकर भरतात, पण गुडघ्याच्या वरच्या हाडाचं खालचं टोक अडीच वर्षांच्या आसपास भरतं, आणि पाठीच्या मणक्यांना पाच-साडेपाच वर्षं लागतात. भरधाव पळताना एका क्षणी सगळा भार एकाच पुढच्या पायावर येतो, आणि तो भार घोड्याच्या स्वतःच्या वजनाच्या अडीचपट असू शकतो. घोडं साडेचारशे किलोचं धरा नि तुम्हीच गुणाकार करा. काही पशुवैद्य सांगतात की लहानपणी हलका व्यायाम मिळाला तर हाड बळकट होतं. ते खरं असेल, आणि मला पटतंही. आईमागं कुरणात उधळणाऱ्या शिंगराला तो व्यायाम फुकटात मिळतो. लिलावाच्या आधी सेकंदांचा काटा लावून पळवणं हा मात्र व्यायाम नाही. ती गिऱ्हाइकासमोरची जाहिरात आहे.

शिवाय वयाची आणखी एक गंमत. उत्तर गोलार्धात शर्यतीच्या सगळ्या घोड्यांचा वाढदिवस कागदोपत्री १ जानेवारी. माझ्या माहेरी, कोल्हापूरकडं, आमच्या पिढीतल्या निम्म्या मुलांची जन्मतारीख मास्तरांनी १ जून लिहिली, त्यातलीच ही तऱ्हा. फरक असा, की मास्तरांच्या तारखेनं कुणाचा पाय मोडला नाही. इथं मे महिन्यात जन्मलेलं शिंगरू जानेवारीत जन्मलेल्याच्या बरोबरीचं ठरतं, आणि चार महिन्यांनी लहान असून त्याच रांगेत उभं राहतं. घोडामैदान जवळ आहे, असं आपण म्हणतो. या पोरांच्या बाबतीत ते जरा जास्तच जवळ आणून ठेवलं आहे.

“मग सुप्रीम कोर्टाला कळत नाही का?” हा माझ्या मुलाचा प्रश्न. कळतं की. कोर्टानं १९९६ साली मद्रासच्या रेस क्लबच्या खटल्यात निकाल दिला, की घोड्यांची शर्यत हा निव्वळ नशिबाचा खेळ नाही. घोड्याची तयारी, वंश, जॉकीचं कसब यांचा अभ्यास लागतो, म्हणून तो कौशल्याचा खेळ. निकाल पैजेच्या कायद्यापुरता होता, आणि तेवढ्यापुरतं त्याचं म्हणणं माझ्याही ध्यानात येतं. पण कौशल्य आहे म्हणून कृत्य निर्दोष, असा अर्थ त्यातून कुणी काढला? खिसा कापायलाही कौशल्य लागतं. पुढं २०२३ साली सरकारनं पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लावला तेव्हा केवढी ओरड झाली. मैदानं बंद पडतील, माणसं बेकार होतील. घोड्याच्या बाजूनं त्या सगळ्या गदारोळात काय बोललं गेलं, ते शोधून पाहा.

आता धर्माचं. भाच्यानं विचारलं म्हणून सांगते, एरवी मी तो काढला नसता. आपल्या शास्त्रकारांनी अहिंसेची नुसती पूजा सांगितली नाही, यादी करून दिली आहे. गृहस्थाच्या पहिल्या अणुव्रताला लागणारे पाच दोष पाठशाळेतली पोरंही म्हणतात: बांधणं, मारणं, अवयव छेदणं, झेपणार नाही एवढा भार लादणं, अन्नपाणी रोखणं. शर्यतीच्या घोड्याचा दिवस या पाचांवर ठेवून बघा. दिवसाचा बहुतेक वेळ एका खोलीत. मैदानात चाबूक. कह्यात राहावा म्हणून कित्येक नरांची खच्ची. कच्च्या हाडांवर भार. शर्यतीआधी पोट हलकं राहावं म्हणून वैरण काढून घेणं. पाचांतलं एकही सुटत नाही. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात श्रावकाला वर्ज्य असे पंधरा धंदे सांगितले. त्यांत केशवाणिज्य आहे, म्हणजे माणसांचा आणि जनावरांचा व्यापार, आणि निर्लांछन आहे, म्हणजे जनावरांना डागणं, टोचणं, खच्ची करणं. हे लिहिणारे आचार्य राजदरबारात वावरलेले होते, त्यांनी घोडे पाहिले नव्हते असं नाही. पाहिले होते म्हणूनच लिहिलं. आणि हो, तिसरे तीर्थंकर संभवनाथ यांचं लांछन घोडा आहे. सकाळी त्यांच्यापुढं अक्षता वाहायच्या आणि दुपारी त्याच घोड्याच्या पोराचा दहावा हिस्सा घ्यायचा, हे मला जमणार नाही.

“कत्तल नाही” हे पालुपद मी आमच्या समाजात फार ऐकते. जणू जीव घेतला नाही एवढंच अहिंसेचं माप. ते माप एवढं सोपं असतं तर शास्त्रकारांना पाच दोषांची यादी करावी लागली नसती. त्यांतला एकही दोष मरणाचा नाही. सगळे जगणाऱ्या जिवाचे आहेत.

ग्वाल्हेरात घोड्याविरुद्ध बोलणं म्हणजे शिंद्यांच्या गावात तोंड वर करणं. मला ते ठाऊक आहे. हे शहर घोड्यावर बसून आलेल्यांनी वसवलं. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० साली इथं पडली आणि छावणीचंच लष्कर नावाचं शहर झालं. आमचा ‘पडाव’ हा शब्दही मुक्कामाचाच. रेसकोर्स रोड आमच्यापासून फार लांब नाही. मेळा त्याच रस्त्यावर भरतो. १९०५ साली माधवराव महाराजांनी तो जनावरांचा मेळा म्हणून सुरू केला, आता तिथं रोड टॅक्समध्ये सूट मिळते म्हणून गाड्यांवर उड्या पडतात. घोड्याचा अभिमान मलाही आहे. पण अभिमान ज्याचा आहे तो घोडा वेगळा. भीमथडीच्या तट्टावर बसून अटकेच्या गोष्टी सांगणाऱ्या शिलेदाराचा जीव त्या तट्टावर अवलंबून होता. त्यानं कच्चं शिंगरू मोहिमेवर नेलं असतं तर पहिला तोच पडला असता. जनावराच्या पायात आणि मालकाच्या मानेत एक दोरी होती. लिलावातल्या मालकानं ती दोरी कापून टाकली आहे. घोडं पडलं तर तो स्टँडमध्ये उभा राहून फार तर हळहळतो.

कुणी म्हणेल, घोडं वाया जात नाही. पुण्याच्या पूनावाला घराण्याचं उदाहरण देतील. १९४६ साली सुरू झालेल्या त्यांच्या स्टड फार्मचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला सीरमसाठी जात, त्यातूनच १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूटची कल्पना आली. साप चावलेल्या शेतमजुराला जे इंजेक्शन वाचवतं ते घोड्याच्या रक्तातूनच बनतं. मी ते नाकारणार नाही आणि त्याला नावंही ठेवणार नाही. पण त्याचं पुण्य शर्यतीच्या खात्यावर कसं जमा होतं? पहिल्या नोकरीत निकामी झालेल्याला दुसऱ्या नोकरीत रक्त द्यावं लागलं, एवढाच त्याचा अर्थ. रक्त घोड्यानं दिलं, पुण्यही त्याचंच.

मी व्यापाऱ्याच्या घरात नांदले, म्हणून शेवटी हिशेबाच्या भाषेत बोलते. घोडं पंचवीस-तीस वर्षं जगतं. शर्यतीत ते फार तर चार-पाच वर्षं असतं. भाच्यानं पाठवलेल्या कागदात खरेदी आहे, तबेल्याचा महिन्याचा खर्च आहे, ट्रेनरचा पगार आहे, बक्षिसाचा अंदाज आहे. सहाव्या वर्षानंतरची वीस वर्षं त्या कागदात नाहीत. ज्या वहीत आयुष्यातली वीस वर्षं लिहिलेलीच नाहीत, त्या वहीवर आमचे सासरे दिवाळीला कुंकू लावू देत नसत.

बंदी घाला म्हणून मी ओरडत नाही, कारण ओरडून बंदी येत नाही. तीन गोष्टी मागते. एक, तोंडात पक्के दात येण्याआधी कुठल्याही शिंगरावर बोली लागू नये. इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची आहे, तेव्हा थांबल्यानं शर्यत बुडत नाही. दोन, हातोडा पडला की किमतीचा ठरावीक भाग त्या घोड्याच्या म्हातारपणासाठी वेगळा काढावा, आणि तो घोड्याबरोबर जावा, मालक कितीही बदलोत. शर्यतीतून निघालेल्या घोड्यांसाठी ब्रिटनमध्ये २००० साली आणि अमेरिकेत २०१२ साली स्वतंत्र संस्था उभ्या राहिल्या, म्हणजे हे अशक्य नाही. तीन, कॅटलॉगच्या पानावर आईच्या पोटची जी भावंडं छापता, त्यांनी किती जिंकलं ते लिहिता, त्यापुढं एक ओळ वाढवा: आज ते कुठं आहे. छापा. ज्या स्टडला ही ओळ छापायची लाज वाटते, तिथून जनावर घेऊ नका.

भाच्याला मी हेच कळवलं आहे. “बाळा, तुझ्या पत्रकात ही ओळ आण. शिंगराच्या चार मोठ्या भावंडांचा आजचा पत्ता आण. मग काकांशी मी स्वतः बोलेन.” त्याला दोन महिने झाले. चारांपैकी एकाचा पत्ता लागला, एका रायडिंग क्लबात आहे म्हणतो. उरलेल्या तिघांचं तो विचारतो आहे, विचारतो आहे असंच सांगतो. पैसे बँकेत आहेत. आमच्या ह्यांनी परवा आपणहून विचारलं, “त्या तिघांचं काही कळलं का गं?” आता घरात राजी असलेल्यांतली दोनच माणसं उरली आहेत.